जोडीचं काम

मनात राग न धरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यासारखं व्हावंसं मला कधी वाटलं नाही. माझ्या मनात एका माणसाबद्दल राग आहे आणि तो मी व्यवस्थित सांभाळला आहे. आजही होशंगाबाद रोडवर त्यांची पांढरी गाडी पुढे दिसली की मी लेन बदलत नाही, हॉर्न वाजवत राहते.

हा माणूस म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणायचे. भोपाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते विभागप्रमुख होते. ग्वाल्हेरकडचे मराठी, म्हणजे आमच्यातलेच. कॉलेजात दिवसभर हिंदी बोलत, पण समोरच्याकडून काही काढून घ्यायचं असलं की एकदम मराठीवर येत. "बेटा, जरा हे बघशील का?" असं त्यांनी म्हटलं की आपलं काहीतरी जाणार हे ओळखायला मला दोन वर्षं लागली, आणि तोवर बरंच गेलं होतं.

माझं काम समजायला अवघड नाही, सांगणारे ते अवघड करून सांगतात. एका कॉम्प्युटरसाठी लिहिलेला साधा प्रोग्राम घ्यायचा. त्यातली कोणती कामं एकमेकांसाठी थांबून राहत नाहीत ते हुडकायचं. मग त्या कामांचे तुकडे करून, नेटवर्कने जोडलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरांवर एकाच वेळी चालेल असा नवा प्रोग्राम तयार करायचा, आणि कुठला तुकडा कधी कुणाला द्यायचा ते ठरवायचं. हे सगळं आपोआप करणारा प्रोग्राम मी लिहीत होते. मोठी महागडी यंत्रं आमच्याकडे नव्हती. कॉलेजच्या तीन लॅबमधले जुने डबे होते, मुलं नसताना नुसते बसून असायचे. त्यांना मी कामाला लावलं होतं.

त्यांना दिलेलं काम होतं शहरातल्या पाण्याचं. मोठा पाऊस झाला तर करोंदच्या धान्यमंडीच्या आसपास पाणी कुठून शिरेल आणि कुठे साचेल, हे काढायचं होतं. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन एकेका कॉम्प्युटरला द्यायचा. अडचण अशी की शेजारच्या चौकोनातून किती पाणी येतंय हे कळल्याशिवाय कुणालाच पुढचं पाऊल टाकता येत नाही. एक अडला की त्याचे शेजारी अडतात, मग त्यांचे शेजारी, आणि थोड्याच वेळात सगळं शहर एका चौकोनाची वाट बघत बसतं. यावरचा उपाय मी कुठल्या पुस्तकातून घेतला नाही. तो आमच्या सोनागिरीच्या स्वयंपाकघरातला होता.

आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि आमचं सगळं कुटुंब इथलंच झालं. सोनागिरीला माझ्या मोठ्या काकूचं घर आहे. तिथे महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सगळा नैवेद्य एका वेळी तयार हवा. दारात पाट टाकून मोठी काकू कामं वाटायची. पुरण शिजल्याशिवाय वाटता येत नाही, वाटल्याशिवाय पोळीत भरता येत नाही, पण डाळ शिजतेय तोवर भाज्या चिरून होतात. एवढं कुणालाही कळतं. काकूची खरी हुशारी पुढची होती. घरातल्या इतक्या बायकांमध्ये कुणाची पाळी केव्हा येईल याचा नेम नाही. आली की हातातलं टाकून मागच्या खोलीत जाऊन बसायचं, सोवळ्यातल्या कशाला शिवायचं नाही. या पद्धतीवरून मी काकूशी पुष्कळ भांडले आहे आणि अजून भांडते. पण पद्धत होती, म्हणून काकूने तिची सोय लावली होती. महत्त्वाच्या प्रत्येक पदार्थाला ती दोघी द्यायची. एक करणारी आणि एक तिची जोडी. जोडीने आपलं दुसरं काम करता करता इकडे लक्ष ठेवायचं. पहिली उठली की काही न विचारता तिच्या जागी बसायचं. बाहेर बसलेल्या पंगतीला काही कळायचंही नाही.

मी नववीत असताना काकूने मला पहिल्यांदा पोळपाटावर बसवलं. माझी जोडी होती धाकटी काकू. सकाळपासून मी पोळ्या लाटत होते आणि एकही फुटली नव्हती. शेवटच्या थोड्या राहिल्या असताना मला उठावं लागलं. धाकटी काकू माझ्या जागी बसली. मागच्या खोलीत पंगतीचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी म्हणालं, पोळ्या काय मऊ झाल्यात, केल्या कुणी? धाकटी काकू म्हणाली, "मीच. सकाळपासून उठले नाहीये पोळपाटावरून."

मी रडले, अगदी हुंदके देऊन. थोड्या वेळाने मोठी काकू दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुझ्या होत्या. मला माहीत आहे."

"मग बाहेर जाऊन सांग ना!"

ती काही न बोलता निघून गेली. त्या दिवशी मला धाकट्या काकूचा आला त्याहून जास्त राग मोठ्या काकूचा आला. माहीत असून गप्प बसणारं माणूस मला तेव्हापासून आवडत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे कढी फुटली. आमच्या नात्यात हे इतकं प्रसिद्ध आहे की लग्नं, बारशीसुद्धा 'कढी फुटली त्याच्या आधी' आणि 'नंतर' अशी सांगतात. कढीवर धाकटी काकू होती. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं सोडून ती नवी साडी नेसून पाहुण्यांत जाऊन बसली. परत आली तेव्हा पातेल्यात पाणी वेगळं आणि चोथा वेगळा झाला होता. देवीपुढच्या ताटात तेवढी वाटीभर चांगली कढी होती, पंगतीला मात्र मिळाली नाही. तेव्हापासून धाकटी काकू कुणाच्याही घरी जेवायला बसली की कुणीतरी हळूच विचारतं, कढी वाढू का? मला त्या वर्षी फार बरं वाटलं होतं. देवी बघत असते, असं मी मनाशी म्हटलं होतं.

तर माझ्या प्रोग्राममध्ये मी काकूची जोडी घातली. प्रत्येक चौकोन दोन कॉम्प्युटरांकडे द्यायचा, तेही वेगवेगळ्या लॅबमधल्या. एक मध्येच गेला तर दुसऱ्याचं उत्तर घ्यायचं. आणि कॉम्प्युटर मध्येच जायचेच. कधी वीज, कधी केबल, आणि तिसऱ्या लॅबमध्ये तर रोजच. तिथे एकदा बोर्डातून धूर निघाला होता. तेव्हापासून लॅब सांभाळणारे भैया जेवायला जाताना मेन स्विच खाली ओढून जात. दारावर मोठ्या अक्षरात तशी सूचनाच लावलेली होती. विभागातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. सरांना नव्हतं, कारण लॅबमध्ये त्यांनी कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता.

दिल्लीहून एक समिती येणार होती. तिला काम आवडलं तर सरांना मोठा प्रकल्प मिळणार होता. त्यासाठी सरांनी माझ्या प्रोग्रामला एक भारदस्त संस्कृत नाव दिलं आणि वेगाचा आलेख मागवला. तो बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ये एक ही काम दो-दो मशीन क्यों कर रही हैं?"

मी समजावून सांगितलं. काकूचं नाव काढलं नाही, बाकी सगळं सांगितलं.

"हटाइए ये डुप्लिकेट-वुप्लिकेट. ग्राफ खराब दिख रहा है."

"सर, बीच में कोई मशीन चली गई तो?"

"मशीन कहाँ जाएगी?" सर हसले. "मायके?"

केबिनमधले बाकीचे दोघेही हसले. मी जोडी काढली. आलेख एकदम वर गेला आणि सर खूश झाले. तोपर्यंत मी रागावले नव्हते हे मला आवर्जून सांगायचं आहे. सरांना कळत नाही एवढंच मला वाटलं होतं, आणि न कळणाऱ्यावर मी रागावत नाही.

राग आला तो समिती यायच्या आदल्या दिवशीच्या तालमीत. सर पडद्यावर चित्रं दाखवत होते. पहिल्या पानावर प्रोग्रामचं संस्कृत नाव आणि त्याखाली फक्त त्यांचं नाव. मी शेवटच्या पानापर्यंत वाट बघितली. तिथे प्राचार्यांचे आभार होते, कँटीनचे होते, आणि सगळ्यात खाली माझं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, टायपिंग सहकार्य.

चार वर्षांचं माझं काम होतं ते. त्यातला एक शब्दही सरांना लिहिता आला नसता, वाचताही आला नसता. नंतर मी केबिनमध्ये गेले. सरांनी दार लोटून घेतलं आणि मराठीत सुरू केलं.

"बेटा, समितीसमोर एकच नाव बरं दिसतं. तुझा प्रबंध माझ्याच सहीने जायचाय ना? मग काळजी कसली?"

धमकी इतक्या मायेने देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. घरी बाबांना सांगितलं. बाबा सरकारी कचेरीत जन्म घालवलेले. ते म्हणाले, "सही होईपर्यंत गप बस. साहेबाशी वाकडं घेऊन आपल्या लोकांचं कधी भलं झालंय का?" गप्प बसायला मी तयार होते. फक्त कुठल्या बाबतीत गप्प बसायचं ते मी ठरवणार होते.

समितीच्या दिवशी प्रात्यक्षिक सकाळी व्हायचं होतं. सकाळीच झालं असतं तर निभावलं असतं. पण सरांना सत्काराची भारी हौस. आधी पोहे-जलेबी झाली. मग दीपप्रज्वलन, सरस्वतीवंदना, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण, आणि मग खुद्द सरांचं. त्यांनी आपलं बालपण सांगितलं, शिक्षण सांगितलं, संशोधनासाठी आपण सोडून दिलेल्या परदेशातल्या नोकऱ्या सांगितल्या. मी दुसऱ्या रांगेत कडेला बसून समोरचं घड्याळ बघत होते. सर बोलत राहिले तसतशी मला मजा वाटायला लागली. मनात म्हटलं, बोला सर, अजून बोला.

प्रात्यक्षिक सुरू झालं तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. पडद्यावर करोंदचा नकाशा, वर पावसाचा आकडा, आणि चौकोनाचौकोनातून निळं पाणी सरकायला लागलं. दिसायला खरंच सुंदर होतं. माझंच होतं ते, मला अभिमान वाटला, आणि तेवढाच संतापही आला. समितीच्या अध्यक्षबाई पुढे झुकून बघत होत्या. सर हात फिरवत सांगत होते, "ये मेरा बरसों का सपना था."

तिसऱ्या लॅबचे भैया पुढे भिंतीशी उभं राहून कौतुकाने बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातली किल्ली चाचपली आणि ते निघाले. त्यांचा यात काडीचा दोष नाही, ते नियमाने वागत होते. मी त्यांना जाताना पाहिलं. नुसता हात वर केला असता तरी ते थांबले असते, इतके ते माझ्याजवळून गेले. मी हात मांडीवर ठेवला आणि एका हाताने दुसरा धरून बसले.

थोड्या वेळाने मंडीच्या मागचे काही चौकोन पिवळे झाले. पिवळा म्हणजे वाट बघतोय. मग त्यांचे शेजारी पिवळे झाले. निळं पाणी जागच्या जागी थांबलं. पिवळा रंग मंडीवरून रस्त्यावर आला, रस्त्यावरून वस्त्यांत गेला, आणि शेवटी सगळा नकाशा पिवळाधमक झाला. सर म्हणाले, नेटवर्क धीमं आहे. मग म्हणाले, आता येईल. मग पाणी प्यायले. अध्यक्षबाईंनी विचारलं, एक यंत्र बंद पडलं तर तुमची पद्धत काय करते? सरांना प्रश्नच कळला नाही. आपल्याच कामावरचा प्रश्न न कळलेला माणूस कसा दिसतो ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यांच्या कपाळावरचा घाम मला आजही आठवतो आणि आठवला की छान वाटतं.

मग सर माझ्याकडे आले. वाकून, हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "बेटा, जरा बघशील का?"

मला सगळं करता आलं असतं. जोडीचा भाग परत लावून, तिसरी लॅब सोडून, सगळं पुन्हा चालवता आलं असतं. समितीने टाळ्या वाजवल्या असत्या आणि सर म्हणाले असते, पाहा, माझी मुलं किती तयार आहेत. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हिंदीत बोलले.

"सर, मैं क्या देखूँ? मैंने तो सिर्फ टाइपिंग की है. आख़िरी स्लाइड पर लिखा है आपने."

अध्यक्षबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं, आणि समोरची फाइल मिटली.

जेवणानंतर जिन्यात सरांनी मला गाठलं. आता मराठी संपली होती. "मशीन कहाँ गई थी?"

"लंच पर, सर," मी म्हटलं. "मायके नहीं गई."

प्रकल्प गेला. माझ्या प्रबंधावरची सहीही गेली, हे मला हॉलमध्ये उभी राहिले तेव्हाच माहीत होतं. त्याच संध्याकाळी मी सोनागिरीला काकूकडे गेले. ती ओट्यापाशी खुर्ची घेऊन मेथी निवडत होती. म्हातारी झाली आहे, पण कान शाबूत आहेत. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिच्या जोडीचंही सांगितलं. तिला हसू आलं.

"म्हणजे माझ्या बायकांची पद्धत तू त्या डब्यांना लावलीस?"

"हो. आणि त्यांनी ती काढायला लावली."

"मग बरं झालं. तोंडावर पडला ना?"

"पडला." मी म्हटलं, आणि मग इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते तोंडून निघालं. "काकू, त्या वर्षी पोळ्यांचं तू बाहेर का नाही सांगितलंस? तुला माहीत होतं ना?"

तिने काडी मोडली, पानं ताटात टाकली. "सांगितलं असतं तर पंगत उठेपर्यंत लोकांच्या लक्षात राहिलं असतं. कढीचं अजून बोलतात."

"कढीचं काय त्यात?" मी विचारलं.

"धाकटीला त्या वर्षी मी जोडी दिली नव्हती," काकू म्हणाली. "नवी साडी नेसून आली तेव्हाच समजले, ही काही चुलीपाशी टिकत नाही. पाहुण्यांत जाऊन मिरवणार. म्हटलं, जा बाई, मिरव."

मागच्या खोलीच्या दाराशी येऊन गप्प निघून गेलेली काकू मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते. तिने माझ्यासाठी सगळ्या नात्यासमोर धाकट्या काकूचं नाक कापलं होतं आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता.

"आणि देवीपुढची वाटी?"

"ती मी आधीच वेगळी करून ठेवली होती. धाकटीपायी देवीला कशाला उपाशी ठेवू?" मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू तुझी वाटी काढून ठेवलीस ना?"

मी ठेवली नव्हती. चार वर्षांचं सगळं काम कॉलेजच्या यंत्रांवर होतं, आणि दुपारीच सरांनी माझं लॉगिन बंद करायला लावलं होतं. रागाच्या भरात मला ते सुचलंच नाही. "नाही," मी म्हटलं आणि रडायला लागले, नववीत रडले होते तशीच.

या वेळी मध्ये उंबरा नव्हता. काकूने ओल्या हाताने माझी पाठ थोपटली आणि मेथीची दुसरी जुडी माझ्यापुढे ठेवली. "मग बस आता पहिल्यापासून."

बसले. आता मी इथेच, भोपाळमधल्या मिसरोदच्या घरून एका कंपनीसाठी तेच काम करते, आणि तो प्रोग्राम मी पहिल्यापासून पुन्हा लिहिला आहे, जोडीसकट. त्यावर माझं नाव आहे. त्याची एक कॉपी सोनागिरीला काकूच्या कपाटात, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या डब्यात असते. मध्यंतरी फोनवर सरांचा निरोप आला होता. 'बेटा, तो जोडीचा भाग पाठवशील का?' असा, मराठीत. मी तो वाचला आहे हे त्यांना त्यांच्या फोनवर दिसतं. उत्तर मी दिलेलं नाही. ते अजून वाट बघत असतील.